सत्त्याहत्तरचा आवाज : प्रस्तावना

'ॲटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्या बँडनं साऱ्या कारकिर्दीत एकच एल.पी. काढली, 'ऑब्सेशन ७७'. पहिली तीच आणि शेवटचीही तीच. नावात सत्त्याहत्तर साल असलं तरी ती दुकानात आली १९८१ मध्ये. तोवर बँड मोडला होता, वाजवणारे पांगले होते, आणि ज्या पोरापोरींनी त्यांना कधीकाळी डोक्यावर घेतलं होतं ती नोकरीला लागून डिस्कोवर नाचत होती. जिच्यासाठी कार्यक्रम करायला बँडच उरलेला नाही, त्या तबकडीचं जे व्हायचं तेच झालं. मग २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीनं बँडची इतर ध्वनिमुद्रणं जोडून ती पुन्हा काढली आणि परदेशी शौकिनांमध्ये तिचा बोलबाला झाला. आपल्याकडे त्याची बातमीही धड पोचली नाही.

अशा तबकडीवर मराठीत सबंध पुस्तक कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. गाणी इंग्रजी. काही तर सरळ दुसऱ्यांची. बँडचा संस्थापक कीथ कांगा पारशी, गिटारवादक नील चट्टोपाध्याय बंगाली. पण याच बँडच्या गायकांत काही काळ नंदू भेंडे होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीच्या थेट माजघरातला. हा धागा ओढत गेलं की मागोमाग बरंच काही निघतं. प्रस्तुत पुस्तक त्या ओढून काढलेल्या धाग्याचं आहे. तबकडी हे निमित्त. खरा विषय असा की, साठ-सत्तरच्या दशकांत जगभर जे सायकेडेलिक पॉप नावाचं प्रकरण उसळलं, त्याच्या चहूबाजूंनी मराठी माणसं उभी होती. कुणी तबल्यावर, कुणी माइकसमोर, कुणी नाटकाच्या विंगेत, कुणी कवितेच्या वहीत. तरीही मराठी भाषेत या संगीताचा एकही अल्बम निघाला नाही. का निघाला नाही, हे मला या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण वाटतं.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो.

१९६६ च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेतल्या पॉप गाण्याला एक नवं वेड लागलं. तोवर स्टुडिओ म्हणजे गाणं जसं वाजतं तसं टिपून घेण्याची खोली. आता स्टुडिओच वाद्य झाला. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममधलं शेवटचं गाणं, 'टुमॉरो नेव्हर नोज', हेडफोन लावून ऐका. खाली तंबोरा. त्याच्यावर सारं गाणं जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर उभं. आपल्याला यात नवल वाटत नाही, पण दर चार मात्रांना कॉर्ड बदलणाऱ्या पॉपच्या कानांना हा धक्काच होता. ड्रमचा एकच ठेका गोल गोल फिरतोय. वरून समुद्रपक्षी ओरडावेत तसे जे आवाज येतात, त्या टेपचे तुकडे चिकटवून केलेल्या कड्या आहेत, वेगवेगळ्या गतीनं आणि उलट्या बाजूनं चालवलेल्या. आणि निम्म्या गाण्यानंतर जॉन लेननचा आवाज लेस्ली नावाच्या, ऑर्गनला जोडायच्या फिरत्या स्पीकरमधून काढलाय, म्हणून तो लांबच्या डोंगरावरून आल्यासारखा थरथरतो. तीन मिनिटांच्या पॉप गाण्यात एवढं सगळं. पुढच्या पाच-सात वर्षांत या प्रकारच्या संगीतात जे घडलं, त्याची बीजं त्या तीन मिनिटांत सापडतात.

'रिव्हॉल्व्हर'मध्येच 'लव्ह यू टू' हे जॉर्ज हॅरिसनचं गाणं आहे. त्यावर तबला वाजवणाऱ्याचं नाव वेष्टनावर छापलंय : अनिल भागवत. आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. पुढच्या वर्षीच्या 'सार्जंट पेपर'मधल्या 'विदिन यू विदाउट यू'वर दिलरुबा वाजवणाऱ्यांत एक अण्णा जोशी होते. त्यांचं नाव मात्र वेष्टनावर आलं नाही. आणि जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन थेट मुंबईत आला. 'वंडरवॉल म्युझिक' हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम; त्याचं बरंचसं संगीत एच.एम.व्ही.च्या मुंबईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून आणवावं लागलं होतं. स्टुडिओच्या भिंतींतून आवाज गळायचा, त्यामुळे ऑफिसं सुटायच्या वेळेला रस्त्यावरच्या बसगाड्याही गाण्यात घुसायला बघत. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, बासरीवर एस. आर. केंकरे. अल्बमच्या श्रेयनामावलीत ही नावं आहेत. म्हणजे बीटल्सपैकी एकाच्या पदार्पणाचा अर्धा अल्बम फोर्टातल्या एका खोलीत तयार झाला, हे मुंबईकरानं विसरायची गोष्ट नव्हे. आपण विसरलो.

या संगीताच्या शाखा मोजायच्या तर ढोबळमानानं तीन. सॅन फ्रान्सिस्कोची लांबण लावणारी शाखा : एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटं, मैफलीत सुचेल तसं. लंडनची आटोपशीर आणि खट्याळ शाखा : लहानपण, परीकथा, चहाचे कप, मध्येच सगळं वितळल्यासारखं. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम ऑगस्ट १९६७ मधला. बीटल्स ज्या इमारतीत 'सार्जंट पेपर' रचत होते, त्याच इमारतीत त्याच दिवसांत तो तयार होत होता. त्यातली बहुतेक गाणी सिड बॅरेटची. १९६८ चा उन्हाळा यायच्या आत बॅरेट बँडबाहेर पडला होता. आणि तिसरी शाखा, जिचा आपल्याशी खरा संबंध, ती बाकीच्या जगाची. ब्राझीलमध्ये 'ओस मुतान्तेस'चा पहिला अल्बम १९६८ चा. तुर्कस्तानात एर्किन कोराय आणि 'मोओल्लार' अनातोलियाच्या लोकगीतांना वीज लावत होते, खऱ्या अर्थानं, कारण त्यांनी साझ-बागलामा या लोकवाद्यालाच पिकअप बसवला.

पहिल्या अल्बमला या संगीतात एक वेगळंच वजन आहे. टेक्ससच्या 'थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स'नं १९६६ मध्ये आपल्या पहिल्याच तबकडीच्या नावात 'सायकेडेलिक' हा शब्द घातला. पहिल्या अल्बममध्ये बँड वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं ओतून मोकळा होतो, सराईतपणा यायचा असतो, आणि कंपनीनंही अजून कान धरलेला नसतो. म्हणून या संगीतातले किती तरी उत्तम अल्बम पहिले आहेत आणि त्यांतले बरेच शेवटचेही. ॲटॉमिक फॉरेस्टची गोष्ट म्हणूनच जगावेगळी नाही. वेगळी आहे ती तिच्याभोवतीची मुंबई.

त्या मुंबईत दारूबंदी होती, आयातबंदी होती आणि रेडिओवर इंग्रजी गाण्यांसाठी 'सॅटर्डे डेट'सारखे मोजके तास होते. परदेशी गिटार मिळायची ती कुणाच्या तरी जहाजावरच्या मामाकडून. नाहीतर कलकत्त्याच्या बनावटीची 'गिब्टोन', जिचं नाव मुद्दामच एका प्रसिद्ध अमेरिकन गिटारशी मिळतंजुळतं ठेवलेलं. अँप्लिफायर लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग जमवून जुळवलेले. गिटारचा सूर फाटका-करकरीत करणारा फझ पेडल म्हणजे खरं तर दोन-तीन ट्रान्झिस्टरांचं सर्किट. सिग्नल झेपणार नाही इतका वाढवायचा की लाटेचे माथे कापले जातात आणि तोच तो सायकेडेलिक करकराट. ज्यांना पेडल परवडत नसे ते अँप्लिफायरच इतका चढवत की तो बिचारा आपोआप फाटका बोलू लागे. त्या काळच्या मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत जो खरखरीत उग्रपणा ऐकू येतो, त्याचं श्रेय कल्पकतेला किती आणि टंचाईला किती, याचा हिशेब लावणं अवघड आहे. मी टंचाईला जरा जास्त देईन.

इथं एक विषयांतर. मी हे लिहितो आहे ते मुळशी तालुक्यातल्या माल्याहून. घरापासून धरण जवळच. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकारानं १९२१ पासून या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि तरीही टाटांचं धरण झालंच. इथलं पाणी सह्याद्रीखाली कोकणात भिऱ्याला सोडलं जातं. १९२७ पासून तिथल्या वीजघरातली वीज मुंबईला जाते. आधी गिरण्यांना, मग घरांना, मग रीतसर हॉटेलांना आणि सभागृहांना. कुलाब्यातल्या कुठल्याशा डिस्कोथेकमध्ये पोरं गिटार प्लगात खुपसत तेव्हा त्या करंटात मुळशीच्या बुडालेल्या शेतांचाही वाटा होता. रॉक संगीताच्या इतिहासात कलाकार येतात, कंपन्या येतात, वीज कुठून आली हे कुणी लिहीत नाही. या पुस्तकाच्या लेखकानं त्याला अर्धं पान दिलंय, हे मला गाववाला म्हणून बरं वाटलं.

गंमत म्हणजे इथून उत्तरेला, पवना खोऱ्यापलीकडे लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी असलेल्या मळवलीला १९७१ मध्ये 'स्नेहयात्रा' नावाचा संगीत महोत्सव भरला होता. अमेरिकेतल्या वुडस्टॉकचा मावळी अवतार म्हणा. कलकत्त्याहून निघणारं 'ज्युनिअर स्टेट्समन' हे साप्ताहिक, म्हणजे डेस्मंड डॉइग यांचं 'जे.एस.', या पिढीचं गॅझेट होतं. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत मुंबई, बंगळूर, शिलाँग, मद्रास इथल्या बँडना एकमेकांची खबर त्यातून लागे. आणि त्यांना एका मंचावर आणलं ते एका सिगारेट कंपनीनं. इम्पीरियल टोबॅकोनं आपल्या 'शिमला' सिगारेटींच्या जाहिरातीसाठी 'शिमला बीट' स्पर्धा भरवली. अंतिम फेरी षण्मुखानंद सभागृहात. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या दोन एल.पी. निघाल्या. त्यांवर मद्रासचे 'कन्फ्युजन्स' आहेत, बंगळूरचे 'डायनोसॉर्स', शिलाँगचे 'फेंटोन्स', मुंबईचे 'व्हेल्व्हेट फॉग'. या 'व्हेल्व्हेट फॉग'मध्येही नंदू भेंडे गायला आहे. दोन्ही तबकड्या ऐकाव्यात अशा आहेत. कुणाची बेस गिटार बेसूर, कुणाचे शब्द तोंडातल्या तोंडात, पण 'कन्फ्युजन्स'चं 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' आजही अंगावर येतं.

आता मूळ प्रश्नाकडे. मराठीत का नाही?

सहसा दिली जाणारी उत्तरं दोन. एक : हे सगळं वांद्रे-कुलाब्याच्या इंग्रजी माध्यमातल्या पोरांचं खूळ होतं, गिरगाव-दादरशी त्याचं देणंघेणं नव्हतं. दुसरं : आपल्या संगीतात स्वराचं इतकं खोल काम आधीच होतं की या धांगडधिंग्याची गरज पडली नाही. पहिल्यात तथ्य आहे, दुसऱ्यात आढ्यता. पण दोन्ही अपुरी आहेत, आणि तुर्कस्तानाशी तुलना केली की ते लख्ख दिसतं. तिथं 'हुर्रियत' या दैनिकानं १९६५ मध्ये 'आल्तन मिक्रोफोन' म्हणजे सोन्याच्या माइकची स्पर्धा सुरू केली. अट अशी की वाद्यं पाश्चात्त्य चालतील, पण शब्द किंवा चाल तुर्की हवी. त्या एका अटीनं इस्तंबूलच्या पोरांना आजीच्या तोंडची गाणी शोधायला लावलं. आणि त्यातून आलेल्या अनातोलियन रॉकला आज साठ वर्षांनीही श्रोता आहे. आपल्याकडे स्पर्धा भरवली सिगारेटवाल्यांनी. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं शहरी, इंग्रजी बोलणारं, खिशात पैसे असलेलं. तबकड्यांवरची गाणी इंग्रजी आहेत यात मग आश्चर्य कसलं? मराठी वृत्तपत्रं तेव्हा काही कमी ताकदीची नव्हती. त्यांपैकी एकानं अशी अट घालून स्पर्धा भरवली असती तर तुणतुण्याला पिकअप लागला असता, संबळ आणि फझ गिटार एकत्र वाजले असते, असं मला मनापासून वाटतं. गोंधळात नसलेली अशी कोणती गोष्ट सायकेडेलिक संगीतात आहे? रात्रभराची लय आहे, एकसुरी तार आहे, दिवट्यांचा उजेड आहे, अंगात येणं आहे.

कंपन्यांचाही यात वाटा आहे. एच.एम.व्ही.च्या मराठी यादीत भावगीत, नाट्यगीत, भक्तिगीत, लावणी, पोवाडा यांची खाती पक्की होती. नव्या खात्याची जोखीम कोण घेणार? सिनेमानं मात्र घेतली. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तलं 'दम मारो दम' हे अनेकांना माहीत असलेलं एकमेव हिंदी सायकेडेलिक गाणं. आर. डी. बर्मनची चाल आणि आवाज सांगलीच्या आशा भोसल्यांचा. हिप्पी पिढीची टिंगल करायला निघालेल्या सिनेमानं त्या पिढीलाच तिचं राष्ट्रगीत देऊन टाकलं, हा नियतीचा विनोद. पण सिनेमाचं गाणं म्हणजे अल्बम नव्हे. तिथं ते एका दृश्याची गरज भागवून निघून जातं.

मग हा आवाज मराठीत आला तरी कुठून? नाटकातून. मला या पुस्तकातलं हे म्हणणं पूर्ण पटतं. १९७४ मध्ये ॲलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' उभं केलं. ॲटॉमिक फॉरेस्टचा मधुकर चंद्र धस त्यात येशू झाला आणि नंदू भेंडे जुडास. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनं ब्रेख्तच्या नाटकाचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं रूपांतर रंगमंचावर आणलं : 'तीन पैशाचा तमाशा', दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यात अंकुश झाला कोण? तोच नंदू भेंडे. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एकाच नाटकात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले. ज्या प्रेक्षकानं जन्मात कधी शिमला बीटचं तिकीट काढलं नसतं, त्यानं नाट्यगृहाच्या खुर्चीत बसून मराठी शब्दांतला रॉक आवाज ऐकला आणि टाळ्याही दिल्या. पाश्चात्त्य बँडांना स्टुडिओत जे स्वातंत्र्य मिळालं ते आपल्याला रंगमंचावर मिळालं. 'ऑब्सेशन ७७' आणि 'तीन पैशाचा तमाशा' ही एकाच वेळची, एकाच गोतावळ्यातली भावंडं आहेत, असं हे पुस्तक मानतं. पहिलं इंग्रजी बोललं आणि एकटं पडलं, दुसरं मराठी बोललं आणि टिकलं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेला. त्याच्यावर तेव्हा आलेल्या मजकुरात त्याच्या दोन आयुष्यांचा असा एकत्र विचार झालेला निदान माझ्या वाचनात नाही.

दुसरी वाट कवितेची, आणि ती अर्ध्यावर सुटली. अरुण कोलटकर पखवाज शिकले अर्जुन शेजवळांकडे, गिटारही वाजवत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांचं एक चाचणी ध्वनिमुद्रण केलं होतं. कंपन्यांनी ते घेतलं नाही. 'जेजुरी' हा त्यांचा कवितासंग्रह यायला अजून काही वर्षं होती. एक क्षण कल्पना करा की ती तबकडी निघाली असती : मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत सारखाच मुरलेला, जाहिरातीच्या धंद्यात दृश्यांशी खेळणारा, वारकरी अभंग आणि अमेरिकन ब्लूज एकाच कानानं ऐकणारा माणूस. भारतीय सायकेडेलियाचं खरं पदार्पण तेच ठरलं असतं, असं विधान लेखक करतो. मला ते जरा धाडसाचं वाटतं. कोलटकरांचा पिंड ब्लूजचा होता, धुंदीपेक्षा टोमण्याचा.

आशा पुथली आणि रेमो फर्नांडिस यांच्याविषयी इथं थोडक्यात. मुंबईत 'सर्फर्स' या बँडबरोबर गायलेली, हिंदुस्थानी गायकी शिकलेली आशा पुथली अमेरिकेत ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'वर गायली आणि १९७३ मध्ये सी.बी.एस.नं तिचा पहिला अल्बम काढला. तिनं बाहेर जाऊन मिळवलं. रेमोनं उलटं केलं. मुंबईच्या जे.जे.मध्ये वास्तुकला शिकताना 'सॅव्हेजेस'बरोबर वाजवणारा हा पोरगा गोव्याला परतला आणि शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्यानं 'गोवन क्रेझी' ध्वनिमुद्रित केला. चार ट्रॅकवर काम म्हणजे तीन वाद्यं भरायची, ती तिन्ही चौथ्या ट्रॅकवर एकत्र उतरवायची, मोकळ्या झालेल्या जागेत पुढची वाद्यं भरायची, आणि प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर थोडी वाढते ती सोसायची. १९८४ मध्ये कॅसेट आली तेव्हा स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी पोचवणारा वितरकही तोच. कंपनीनं दार उघडलं नाही तर भिंतच वगळायची, हा धडा त्यानं घालून दिला. आजची पोरं लॅपटॉपवर जे करतात त्याची ती तालीमच.

पुण्याची कथा पुस्तकात स्वतंत्र आहे आणि ती मजेशीर आहे. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम उघडला आणि जर्मनीचा डॉयटर तिथं आला. त्याचा पहिला अल्बम 'डी' १९७१ चा, अस्सल जर्मन सायकेडेलिक. आश्रमात त्यानं ध्यानाचं संगीत रचलं. ते पुढे ध्यानाच्या कॅसेटींतून जगभर गेलं. म्हणजे सदाशिव पेठेत जेव्हा सवाई गंधर्वच्या तिकिटांची चर्चा चालू होती, तेव्हा त्याच शहरात कोरेगाव पार्कात जर्मन प्रायोगिक संगीत घडत होतं. दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता असल्याची कुठं खूण नाही.

या विषयावरचं लेखन कोणत्या तऱ्हेचं आहे, हेही नव्या वाचकानं जाणून असावं. एक परदेशी संग्राहकांचं : दुर्मीळ तबकडीचा थरार, गाण्यात एखादा सतारीचा तुकडा सापडला की आनंदीआनंद, पण वाजवणारा कोणत्या गल्लीतला याची फिकीर नाही. दुसरं त्या पिढीच्या आठवणींचं. सिद्धार्थ भाटिया यांचं २०१४ चं 'इंडिया सायकेडेलिक' हे त्यातलं सर्वांत भरीव काम, आणि त्याच्याशिवाय प्रस्तुत पुस्तकही उभं राहिलं नसतं. तिसरं विद्यापीठीय, ज्यात हे सगळं संगीत वसाहतीच्या नकलेत जमा होतं. नक्कल होतीच. पण नक्कल करताना चूक होते, आणि त्या चुकीत कधी कधी स्वतःचं काही सापडतं. 'ऑब्सेशन ७७'च्या शीर्षकगीतात मला ते सापडतं, बाकीच्या अल्बममध्ये नेहमी नाही. अल्बम असमान आहे. लेखक तितकं मोकळेपणानं म्हणत नाही, म्हणून मी म्हणतो.

आज हे सारं का वाचायचं? २०१० मध्ये पुण्यात 'एन.एच.७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हापासून इथल्या पोरांना मैदानातला मोठा आवाज नवा राहिलेला नाही. 'अभंग रिपोस्ट'सारखे बँड तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग इलेक्ट्रिक गिटारवर गातात आणि श्रोते सोबत गातात. सोन्याच्या माइकची जी अट कुणी घातली नाही ती या पिढीनं आपली आपण घातली. पण त्यांना आपल्या मागे काय होतं ते माहीत नाही. सिनेमाला अर्काइव्ह आहे, नाटकाला निदान संहिता असतात. बँडांचं काय उरतं? काळा घोड्याचं 'रिदम हाउस' हे तबकड्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. बँडच्या तालमीच्या टेप त्यांवरच पुढची गाणी ध्वनिमुद्रित करून पुसल्या गेल्या, कारण टेप महाग होती.

प्रस्तुत पुस्तक म्हणून गाण्यागणिक रसग्रहण करत नाही. एक तबकडी मध्ये ठेवून ते भोवतालचं गाव मांडतं : कंपन्या, वीज, नाटक, नियतकालिकं, दारूबंदी, घरची बोलणी. माझी एक तक्रार आहे. नागपूर, कोल्हापूर, सोलापूर इथल्या कॉलेजांच्या ऑर्केस्ट्रांत वाजवणाऱ्या मुलांना यात जागा नाही. लग्नाच्या वरातीत 'दम मारो दम' वाजवणारे गिटारवाले हेही याच आवाजाचे वारस आहेत, आणि त्यांच्यावर कुणी तरी लिहायला हवं.

ते लिहिण्यासाठी सामग्री लागेल आणि ती वाचकांच्या माळ्यांवर आहे. घरात जुनी स्पूल टेप, चार गाण्यांची ई.पी., कॉलेजच्या 'जॅम सेशन'चं पत्रक किंवा कुणा काकांचा बँडबरोबरचा फोटो असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. बुरशी आलेली टेप घाईनं यंत्रावर चढवू नका, ती फाटू शकते. जाणकाराकडून कोरडी करून आधी तिची प्रत काढा. फोटोच्या मागे पेन्सिलनं नावं, ठिकाण आणि साल लिहा, काका हयात आहेत तोवर.

माले, ता. मुळशी, जि. पुणे